हजर

शाळेत असताना सकाळी हजेरी व्हायची. गुरुजी नाव घ्यायचे, पोरगं ‘हजर’ म्हणायचं आणि खाली बसायचं. मीही रोज हजर म्हणायचो. पण पावसाळ्यात वर्गाच्या खिडकीतून आमचं शेत दिसायचं, बाबा चिखलणी करताना दिसायचे, आणि तोंडातून ‘हजर’ निघेपर्यंत मी बांधावर पोचलेला असायचो. पुढे दहावी झाली, शाळा सुटली, मी खरोखरच शेतात उभा राहिलो, तेव्हा बरोबर उलटं झालं. पाय चिखलात आणि मन दुसरीकडेच. अंग जिथं आहे तिथं मी नाही, हा माझा रोग तसा जुना.

आता आमच्या पेण-रोह्याच्या बाजूला डोंगराच्या कडेकडेनं फार्महाऊस झालीत. त्यातल्या काही ठिकाणी शनिवार-रविवारी मुंबईची माणसं ध्यानाला येतात. दारात मोबाईल काढून घेतात आणि दोन दिवस गप्प बसवतात, असं तिथं कामाला जाणारी पोरं सांगतात. मला त्यांची टिंगल करायची नाही. माणूस पैसे भरून गप्प बसायला येतो म्हणजे त्याच्या डोक्यात किती गलका असेल, हे मला कळतं. माझ्या डोक्यात तो गलका चौदा वर्षं होता.

त्याचं कारण सांगायला लाज वाटते, इतकं ते लहान आहे. चुलतभावाची आणि माझी जमीन लागून. मधला बांध दोनशे फूट लांब. 1991 साली माझ्या मनानं घेतलं, की त्यानं बांध अडीच फूट माझ्या अंगावर सरकवलाय. त्याचं म्हणणं, बांध होता तिथंच आहे. अडीच गुणिले दोनशे, पाचशे चौरस फूट. अर्धा गुंठासुद्धा भरत नाही. चांगलं पिकलं तर तेवढ्या जागेत पंधरा-वीस किलो भात. हा हिशोब मला तेव्हाही येत होता, गणितात मी बरा होतो. तरी कोर्टात गेलो.

ज्यानं कोर्ट पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. तारीख, पुढची तारीख, मोजणी, मोजणीवर हरकत. सकाळची एसटी, दुपारी वडापाव, संध्याकाळी परत. पैसे गेले ते गेले, बायकोच्या दोन पाटल्या सोनाराकडं गेल्या. पण खरी केस कोर्टात चालत नव्हती, ती माझ्या डोक्यात चालायची. आवण काढायला बसलो की मनातल्या मनात मी चुलतभावाची उलटतपासणी घ्यायचो. मूठ बांधता बांधता त्याला गप्प करायचो. लावणीच्या ओळीत वाकलेलो असायचो आणि न्यायाधीशासमोर भाषण चाललेलं असायचं. काही भाषणं तर फार चांगली होती. संध्याकाळी शेत लावून झालेलं असे, पण ते कोणी लावलं हे मला सांगता आलं नसतं.

1995 च्या दिवाळीनंतर आय गेली. मी उशाशी बसलेलो होतो, म्हणजे लोकांच्या मते मी हजर होतो. दुसऱ्या दिवशी तारीख होती. आय अशी आहे म्हणून पुढची तारीख मागावी, की वकिलाला एकट्याला पाठवावं, हे माझं चाललं होतं. आय काहीतरी बोलली. मी ‘हां’ म्हणलो. त्यानंतर ती बोलली नाही. काय बोलली ते मी ऐकलंच नव्हतं, आणि पुढं दहा वर्षं कुणाला विचारायची हिंमतही केली नाही.

मग 2005 चा जुलै आला. 26 जुलै म्हटलं की मुंबईच्या लोकांना मुंबई आठवते. त्याच दोन दिवसांत आमच्या रायगडानं काय भोगलं ते आम्हाला माहीत. महाड तालुक्यात दरडी कोसळून माणसं गाडली गेली. आमच्याकडं अंबा नदी नागोठण्याच्या बाजारात शिरली आणि खालच्या सगळ्या शेतांवरून गेली. दोन दिवसांनी पाणी उतरल्यावर मी शेत बघायला गेलो. लावणी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. शेत नव्हतंच. सगळा एकसारखा गाळ, त्यात झाडांच्या फांद्या, कुणाचं तरी पातेलं, एक मेलेली कोंबडी.

खरं सांगतो, मी आधी बांध शोधला. पीक गेलं त्याचं दुःख मागाहून, डोळे आधी बांधाकडे गेले. आणि बांध नव्हता. चौदा वर्षं ज्याच्यासाठी भांडलो ती वस्तूच पाण्यानं उचलून नेली होती. इथं असेल, तिथं असेल, करत दहा पावलं गेलो आणि थांबलो.

तेव्हा डोक्यातला आवाज बंद पडला.

पिठाची गिरणी बंद पडते तेव्हा कसं होतं बघा. चालू असते तोवर तिचा आवाज येतोय हे ध्यानात नसतं. बंद झाली की एकदम कान उघडतात. तसं झालं. गाळाचा वास आला. पायाला थंड लागलं. एक खेकडा आपलं बीळ परत उकरत होता, त्याचा बारीक आवाज आला. मी बघत होतो, पण बघणारा जो होता तो वादी नव्हता, मालक नव्हता, अमक्याचा मुलगा नव्हता. तो नुसता होता. त्याला काही सिद्ध करायचं नव्हतं. आणि गंमत म्हणजे तो मला परका वाटला नाही. शाळेच्या खिडकीतून बाहेर बघणारा तोच होता. मधली चाळीसेक वर्षं तो कुठं गेला नव्हता, मीच फिरकलो नव्हतो.

किती वेळ? एक विडी ओढून होईल इतका. मग समोर चुलतभाऊ दिसला. तोही त्याच्या बाजूनं बांध शोधायला आला असणार. सिनेमात असतो तर गळ्यात पडलो असतो. आम्ही एकमेकांकडे बघितलं. “म्हस वाचली का तुजी?” त्यानं विचारलं. “वाचली,” मी म्हणलो. दोघं आपापल्या वाटेनं घरी गेलो.

याला काय म्हणायचं, हे मी पुढं पुष्कळ दिवस स्वतःला विचारलं. साक्षात्कार म्हणावा तर तोंडाला तो शब्द जड होतो. थकलेल्या, धक्का बसलेल्या माणसालाही असं सुन्न होतं. मुंबईच्या भाच्यानं निसर्गदत्त महाराजांच्या बोलण्याचं पुस्तक आणून दिलं. हे महाराज आपल्या कोकणातलेच, मालवणकडच्या कांदळगावात शेतकऱ्याच्या घरात वाढलेले, नंतर मुंबईत खेतवाडीत विड्यांचं दुकान चालवणारे. सिद्धरामेश्वर महाराजांनी त्यांना सांगितलं, की ‘मी आहे’ एवढ्याच जाणिवेला धरून राहा. त्याला ‘मी अमका’, ‘मी तमका’ असं शेपूट लावू नको. एवढं धरून तो माणूस बसला. पुस्तकातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं, पण शेपटाचं मात्र लगेच कळलं. माझं शेपूट दोनशे फूट लांब होतं.

त्यांची दुसरी एक गोष्ट मला जास्त भावली. गुरू गेल्यावर 1937 साली ते घर, दुकान सगळं सोडून हिमालयाच्या ओढीनं निघाले. काही महिन्यांनी परत आले. त्याच बायकोपोरांत, त्याच विड्यांत. पुढं देशोदेशीचे लोक त्या माळ्यावर येऊन बसायचे. सोडून जाण्यात काही चुकतंय, असं त्यांना वाटेत वाटलं असावं. मला तसं वाटायला घरातून एक फटका बसावा लागला.

झालं असं. गाळ काढून झाला, दुबार लावणी जमेल तेवढी केली. एका रात्री मी बायकोला सांगितलं, की केस काढून घेतो. मोठ्या थाटात सांगितलं. मला आता त्यात काही वाटत नाही, जमीन कुणाची असते का, आपण कोण, असं बरंच बोललो. मला वाटलं ती खूश होईल. ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, “तुमचं मन मोकळं झालं, बरं झालं. पण माज्या पाटल्या तुमच्या मनात नायत, सोनाराकडं हायेत.”

मी म्हणलो, अगं, पाटल्यांचं काय घेऊन बसलीस. हे वाक्य मी बोललो, ते इथं लिहून ठेवतो.

ती म्हणाली, “भांडलात तवा इचारलं नाय. सोडताव तवाबी नुसतं सांगताव.”

आता हा प्रश्न मी गेली इतकी वर्षं घोळवतोय. एखाद्याला स्वतःची ओळख पटते, त्याचं ओझं उतरतं. पण ते ओझं उतरतं कुठं? पुष्कळदा ते बाजूच्या माणसाच्या डोक्यावर ठेवलं जातं, आणि आपण हलके होऊन देवाचे आभार मानतो. माझ्या चौदा वर्षांचा खर्च तिनं केला होता. आणि त्या खर्चातून आलेला त्याग मी माझ्या नावावर लावत होतो.

पेण तालुक्यातलं गागोदे आमच्यापासून फार लांब नाही. 11 सप्टेंबर 1895 ला विनोबा तिथं जन्मले. त्यांचं घर बघायला मी एकदा गेलो होतो. लहानपण तिथं गेलं, मग वडलांच्या नोकरीमुळं बडोद्याला. 1916 च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला म्हणून निघालेला हा मुलगा सुरतेला उतरला आणि काशीला गेला. ब्रह्म शोधायला. त्याच्या आधी त्यानं शाळेचे दाखले चुलीत घातले होते. आमच्या भागातला माणूस एवढा मोठा झाला, पुढं देशभर पायी फिरून त्यानं लाखो एकर जमीन मागून गरिबांना वाटली, याचा मला अभिमान आहे. अर्ध्या गुंठ्यासाठी चौदा वर्षं घालवलेल्या माणसानं त्याच्यासमोर काय बोलावं? तरी त्या घरात उभा असताना माझ्या मनात विनोबांपेक्षा त्यांची आई जास्त आली.

रुक्मिणीबाई. शिक्षण बेताचंच. त्यांचे तिन्ही मुलगे ब्रह्मचारी राहिले, घराबाहेर पडले. ही बाई मागं राहिली. विनोबा लहानपणी वैराग्याचे प्रयोग करायचे, गादीवर झोपायचं नाही, चप्पल घालायची नाही. तेव्हा ती म्हणायची, की मी पुरुष असते तर खरं वैराग्य कसं असतं ते दाखवलं असतं. हे विनोबांनीच सांगून ठेवलंय, म्हणून आपल्याला माहीत. 1918 च्या साथीत ती गेली. विनोबा तेव्हा घरी होते, पण अंत्यविधी भटजींकडून करायचा की मुलानं स्वतः करायचा, यावर वडलांशी पटलं नाही म्हणून ते स्मशानात गेले नाहीत. घरी बसून वेद उघडले. तत्त्व म्हणून ते बरोबर असेल. मी उशाशी असून नव्हतो, ते स्मशानात नसून कदाचित आईजवळच असतील. मला न्याय करता येत नाही. तिला संस्कृत गीता कळत नव्हती, मराठीत तू कर असं तिनं मुलाला सांगितलं होतं. ती गेल्यावर बारा वर्षांनी, 1930 साली, ते ‘गीताई’ लिहायला बसले. तिचं बोलणं त्यांनी ऐकलेलं होतं, एवढं तरी नक्की.

पण मला हवी होती ती गोष्ट तांदळाची. या बाईनं देवाला लाख तांदूळ वाहायचा नेम केला. रोज एकेक दाणा मोजून वाहायची. नवरा म्हणाला, असं कशाला, एक तोळा तांदूळ घे, किती दाणे भरतात ते मोज, त्यावरून लाखाचं वजन काढ आणि वर अर्धा तोळा टाक, म्हणजे कमी पडायला नको. माझ्यासारखाच गणितात बरा असणार. तिला उत्तर सुचेना. संध्याकाळी तिनं मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, हा हिशोबाचा प्रश्नच नाही, एकेका दाण्याबरोबर देवाचं नाव आहे, ते वजनात कसं येईल.

मी भात पिकवणारा माणूस. लावणीत एकेक काडी हातातून जाते. एका दिवसात किती हजार, मोजलं नाही. चौदा वर्षं त्या सगळ्या मी तोळ्यावर लावल्या होत्या. हे गागोद्यात कळलं. आणि मग हेही कळलं, की बायकोचं बोलणंही मी तोळ्यावरच ऐकत आलोय. सुरुवातीचं एक वाक्य ऐकायचं आणि बाकीचं अंदाजानं धरून चालायचं.

घरी आल्यावर तिला म्हणलो, तुझं काय म्हणणं आहे ते सांग, मी मधे बोलणार नाही. तिचा विश्वास बसला नाही. पण एकदा सुरू झाली ती चार संध्याकाळी पुरली. कोणत्या तारखेला मी कोर्टात असताना तिनं एकटीनं कोणतं खाचर लावलं, हे तिला सालवार पाठ होतं. कोणत्या वर्षी पोरीची फी भरायची राहिली. कोणत्या दिवशी विहिरीवर चुलतभावाची बायको समोर आली आणि दोघींनी नजर चुकवली, लग्न होऊन एकाच वर्षी या गावात आलेल्या दोघींनी. मधे बोलायचं नाही हे फार अवघड आहे. हजार वेळा ओठावर आलं, की अगं पण तेव्हा असं होतं. शेतातल्या त्या विडीभर शांततेपेक्षा या चार संध्याकाळी मला जड गेल्या. मला तर वाटतं, ध्यान म्हणतात ते मी तेवढंच केलंय.

तिसऱ्या संध्याकाळी ती आयच्या शेवटाबद्दल बोलली. उशाच्या दुसऱ्या बाजूला ती बसलेली होती. मी छातीवर दगड ठेवून विचारलं, आय काय बोलली होती? मला वाटत होतं काहीतरी मोठं असणार, आशीर्वाद, नाहीतर भावाशी भांडू नको असं काहीतरी. बायको म्हणाली, “आभाळ भरून आलंय, पेंढा झाकलास का, असं इचारलं. तुमी हां म्हणलात. पेंढा झाकला नव्हता. नंतर मीच जाऊन झाकला.”

पुढचं थोडक्यात. माझा मेहुणा रोह्याचा. रोहा हे पांडुरंगशास्त्री आठवल्यांचं जन्मगाव, 1920 चा जन्म, आणि मेहुणा त्यांच्या स्वाध्यायातला. मी स्वतः कधी नेमानं गेलो नाही. पण त्यांच्या भावफेरीची रीत मला त्यानं समजावली. दुसऱ्याच्या घरी जायचं, काही मागायचं नाही, काही विकायचं नाही. जो देव माझ्यात आहे तोच त्याच्यात आहे, एवढंच धरून भेटायचं. मेहुणा म्हणाला, तडजोड करायला जाऊ नका, नुसते जा. मग मी गेलो. चौदा वर्षांत त्या ओटीवर पाय ठेवला नव्हता. चहा आला. पुराचं बोललो, बियाण्याचं बोललो, उठलो. आठ दिवसांनी परत गेलो. तिसऱ्या खेपेला बायकोही आली.

बांधाचं शेवटी आम्ही पुरुषांनी ठरवलं नाही. माझी बायको आणि त्याची बायको दोरी घेऊन शेतात उतरल्या. जुना करवंदीचा एक खुंट गाळात सापडला, तिथून दोरी धरली. आम्ही दोघं बाजूला उभे. बांध जिथं पडला तिथं माझ्या दाव्यातले अडीच फूट आले नाहीत. फूटभर आले असतील. कोर्टात आपसात मिटल्याची पुरसिस दिली. पाटल्या मात्र आल्या नाहीत. तोवर व्याज मुद्दलाच्या वर गेलं होतं. सोनाराची पावती तिनं डब्यात ठेवलीय, मला ती टाकून देऊ म्हणायचा अधिकार नाही.

त्यानंतर माझा स्वभाव बदलला, असं कुणी म्हणणार नाही. आता केस नाही तर धरणाचं पाणी आहे, खताचे भाव आहेत, पोराची कंपनीतली नोकरी आहे. गिरणी चालूच असते. फरक एवढाच, की ती चालू आहे हे मला अधूनमधून ऐकू येतं. आवण काढताना आवाज वाढला की मी हातातल्या मुठीकडे बघतो. मुळांना लागलेली माती, पाण्यात आपटल्यावर ती सुटते तो आवाज. कधी जमतं, कधी दुपारपर्यंत आठवणसुद्धा होत नाही. मेलेल्या आयला मी पेंढा झाकल्याचं आता सांगू शकत नाही, पण दिवाळीनंतर आभाळ आलं की उडवीवर ताडपत्री टाकायला मीच जातो. एवढं काम दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

हे लिहायला बसलो तेव्हा ऊन ओट्यावर होतं, आता खळ्यात गेलंय. आतून तिनं दोनदा हाक मारली आणि मी दोन्ही वेळा ‘हां’ म्हणलो. काय म्हणत होती ते ऐकलेलं नाही. जाऊन विचारतो.